‘पाणी नाही, तर मत नाही’ : घोडबंदर रोडवरच्या एका बहिष्काराची नोंद

एप्रिल २०२४ च्या शेवटच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागला. ‘पाणी नाही, तर मत नाही. प्रचारासाठी आत येऊ नये.’ खाली ‘समस्त रहिवासी’. त्या समस्तांत मीही येत होतो, पण मला कोणी विचारल्याचे आठवत नव्हते. लोकसभेचे ठाण्यातले मतदान २० मे रोजी होते, म्हणजे अजून तीन आठवडे होते.

मतदान न करणे ही राजकीय भूमिका असू शकते का, हा प्रश्न एरवी चहाच्या टेबलावर निघतो आणि चहाबरोबर संपतो. आमच्याकडे तो इतिवृत्तात उतरला, गेटवर टांगला गेला आणि एका वयस्कर माणसाच्या बोटावरच्या शाईपर्यंत गेला. म्हणून हे तपशीलवार लिहितो आहे. सोसायटीचे आणि माणसांचे नाव देत नाही. कासारवडवलीच्या पुढे रस्त्याला लागून उभ्या असलेल्या कुठल्याही संकुलाचे नाव घातले तरी गोष्ट बदलत नाही.

ठराव

चार इमारती, साडेतीनशेच्या आसपास घरे. मार्चपासून टँकर सुरू होतात आणि मेंटेनन्सच्या बिलात ‘अतिरिक्त पाणी’ अशी ओळ येते. पाणी का कमी पडते याची कारणे घोडबंदरवर सगळ्यांना पाठ आहेत : इमारती भराभर वाढल्या, जलवाहिन्या त्या वेगाने वाढल्या नाहीत, आणि शहराला पाणी एका ठिकाणाहून न येता पालिकेची स्वतःची योजना, ‘स्टेम’ ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार हातांतून येते. दोष कोणाचा, हा या लिखाणाचा विषय नाही. लोक कावले होते, हे मात्र खरे.

पोडियमवर विशेष सर्वसाधारण सभा बोलावली गेली. उपविधींप्रमाणे आमच्याएवढ्या मोठ्या सोसायटीत वीस सभासद जमले की गणपूर्ती होते. सव्वीस जमले. सेक्रेटरी ऐरोलीला आयटीत आहेत, माणूस तळमळीचा. त्यांनी ठराव मांडला : पाण्याचे लेखी आश्वासन मिळेपर्यंत संकुलातील सर्व रहिवासी मतदानावर बहिष्कार टाकतील. मागून कोणीतरी म्हणाले, “आणि जो टाकणार नाही, त्याच्या विंगला टँकर नाही.” लोक हसले. हसणे अर्धेच होते.

बापाबरोबर आलेली एकोणीस वर्षांची एक मुलगी उभी राहिली.

“काका, माझं पहिलंच मत आहे. ते तुम्ही ठराव करून कसं रद्द करता?”

“बाळा, सभेत सभासदांनीच बोलायचं असतं. सभासद तुझे बाबा आहेत.”

“हो ना. सभासद बाबा आहेत. मतदार मी आहे.”

त्या संध्याकाळचे सगळ्यात नेमके वाक्य हेच होते आणि इतिवृत्तात ते नाही. सोसायटीचा सभासद आणि मतदारसंघाचा मतदार ही दोन वेगळी माणसे आहेत. आमच्याकडची कितीतरी घरे भाड्याची आहेत. भाडेकरू मतदार असतात, सभासद नसतात. काही सभासद दुबईत असतात, त्यांचा सभेत हक्क आहे आणि मतदान केंद्रावर पत्ता नाही. तरी सव्वीस जणांनी हात वर करून हजारभर मतदारांचे ठरवून टाकले. जे आले नाहीत त्यांची संमती धरण्यात आली. मौनं संमतिलक्षणम्! बहिष्काराचा ठराव ज्या सभेत झाला त्या सभेवर बहुसंख्यांनी आपोआपच बहिष्कार घातला होता, आणि त्यांच्या गैरहजेरीचा अर्थ हजर असलेल्यांनी आपल्याला हवा तसा लावला. पुढे जे घडले ते याच गोष्टीचे मोठे रूप होते, पण तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

कायद्याच्या कागदावर

सेक्रेटरींनी मला रात्री फोन केला. “तुम्ही वाचणारे आहात. हे बेकायदेशीर नाही ना? नोटीस वगैरे यायला नको.”

मत न देणे बेकायदेशीर नाही, इथपर्यंत उत्तर सोपे आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७९ (डी) मध्ये ‘निवडणूकविषयक हक्क’ या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात उमेदवार म्हणून उभे राहण्याचा आणि न राहण्याचा, मत देण्याचा आणि मत देण्यापासून दूर राहण्याचा, असे दोन्ही हक्क शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी ‘पीयूसीएल’ या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर निकाल देताना याच कलमाचा आधार घेतला आणि मतदानयंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण, म्हणजे ‘नोटा’, आणायला सांगितले. नको म्हणणाऱ्याची गुप्तताही होय म्हणणाऱ्याइतकीच जपली पाहिजे, असा त्या निकालाचा गाभा आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि दिल्लीच्या विधानसभांसाठी नोटा पहिल्यांदा वापरले गेले.

सक्तीचा प्रयत्न आपल्या शेजारीच झाला होता. गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मतदान बंधनकारक करणारा कायदा २००९ मध्ये संमत केला. राज्यपालांची मंजुरी मिळायला २०१४ उजाडले, दंड ठरला शंभर रुपये, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात सक्तीच्या मतदानाच्या विरोधात मत दिले होते. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून सक्ती आहे, पण ते उदाहरण माझ्या मते इथे चालत नाही. आपल्याकडे मतदार यादीतले नाव ज्या गावी आहे तिथे जायला एसटीचे तिकीट लागते, आणि रोजंदारीवाल्याची रोजी बुडते. त्याला वर दंड कोण लावणार?

म्हणजे घरी बसण्याचा हक्क आहे. पण हा हक्क एकेकट्याचा आहे, आणि सेक्रेटरींना ही पुढची ओळ आवडली नाही. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या १७१-सी कलमानुसार कोणाच्याही निवडणूकविषयक हक्काच्या मोकळ्या वापरात हेतुपुरस्सर हस्तक्षेप करणे हा गुन्हा होता, आणि तीच तरतूद आता न्याय संहितेत आहे. मत देणाऱ्याच्या विंगचा टँकर थांबवला तर तो हस्तक्षेप होईल. आवाहन करा, ठराव करू नका, असे मी सांगितले. ठराव राहिला. टँकरची धमकी मात्र पुन्हा कोणी उच्चारली नाही.

मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली ती अशी : पाणी हा महापालिकेचा विषय, आणि आपण रुसतोय लोकसभेवर. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. इतर मागासवर्गाचे आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या न्यायालयीन वादात निवडणूक अडकली होती, कारभार प्रशासकाकडे होता. नगरसेवक नावाचा प्राणीच दोन वर्षे अस्तित्वात नव्हता. ज्या मतपत्रिकेवर पाण्याचा प्रश्न विचारता आला असता ती छापलीच गेली नव्हती, म्हणून आम्ही हाताशी आलेल्या मतपत्रिकेवर राग काढत होतो.

“अहो, पण जे दार समोर आहे तेच ठोठावणार ना माणूस?” सेक्रेटरी म्हणाले. याला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते, आजही नाही.

२० मे

सोमवार होता. शनिवार, रविवार आणि मतदानाची पगारी सुट्टी. शनिवारी सकाळपासूनच पार्किंग रिकामे व्हायला लागले. कोणी लोणावळ्याला, कोणी अलिबागला, कोणी मुलांच्या सुट्टीसाठी गावी. हे सगळे लोक त्या दिवशी बहिष्कारात धरले गेले. सेक्रेटरींनी संध्याकाळी ग्रुपवर ‘शंभर टक्के यशस्वी’ असा मेसेज टाकला, त्यावर लोणावळ्याहून अंगठे आले.

मी मत दिले. ठराव मोडण्याचा आवेश वगैरे नव्हता. मला उमेदवारांत फरक दिसत होता, म्हणून गेलो. रांगेत माझ्या पुढे आमच्याच बी विंगमधले आजोबा होते. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीपासून एकही मतदान चुकवलेले नाही, हे ते दर पाच मिनिटांनी सांगतात. मला वाटले, तेही माझ्यासारखेच ठराव मोडायला आलेत.

आत काय झाले ते मी दारातून पाहिले. यादीतले नाव वाचले गेले, बोटाला शाई लागली, मतदार नोंदवहीत त्यांनी सही केली. मग यंत्राकडे न जाता ते केंद्राध्यक्षांच्या टेबलासमोर उभे राहिले.

“मला मत द्यायचं नाही. तशी नोंद करा.”

“आजोबा, शेवटचं बटण आहे ना, नोटाचं.”

“ते नको. ती माणसं नकोत असं मला म्हणायचंच नाहीये.”

टेबलावरच्या बाईंनी पुस्तिका उघडली. निवडणूक संचालन नियम, १९६१ यांतला ४९-ओ हा नियम नोटा आल्यावरही रद्द झालेला नाही. नोंदवहीत सही केल्यानंतर मतदाराने मत न देण्याचे ठरवले, तर त्या नोंदीपुढे तसा शेरा लिहायचा आणि त्याखाली त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. दिवसाच्या शेवटी जो १७-सी हा हिशेबाचा फॉर्म भरतात, त्यात अशा मतदारांच्या संख्येसाठी वेगळा रकाना आहे. बाईंनी नियम दोनदा वाचला, शेरा लिहिला, आजोबांनी सही केली आणि ते बाहेर पडले. मागची रांग कुरकुरत होती.

परतताना रिक्षात मी विचारले, “नोटा का नको होतं?”

ते जे म्हणाले ते जमेल तसे त्यांच्याच शब्दांत देतो. “नोटा म्हणजे हे उमेदवार वाईट. मला दोघांबद्दल तक्रार नाही. मी एका चिन्हाला आयुष्यभर मत दिलं. आता चिन्ह एकीकडे, माणसं दोन्हीकडे, आणि दोघंही म्हणतात आम्हीच ते. दुसऱ्या पक्षाचंही तेच झालं. मग मी मत देतो ते कुणाला देतो? दिल्यावर ते तिथंच राहील याची हमी कोण देणार? चिठ्ठी टाकायची तर पत्ता तरी पक्का हवा.”

ठाण्यात हे वाक्य वेगळे ऐकू येते. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली ती इथल्याच नेत्याच्या नेतृत्वाखाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे, तरी हे घडले. कोण बरोबर, यावर ठाण्यात घराघरांत दोन मते आहेत, भावाभावांत आहेत. आजोबांचा आक्षेप त्या वादात कोणाचीच बाजू घेत नव्हता. मत आणि प्रतिनिधी यांच्यामधला करारच सैल झाला आहे, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे नोटामध्ये मावत नाही. घरी बसूनही कोणाला कळत नाही.

आम्ही गेटपाशी उतरलो. बाकावर चौघे बसले होते. त्यांची नजर आजोबांच्या बोटाकडे गेली.

“काय काका, तुम्हीसुद्धा? ठरलं होतं ना आपलं?”

संकुलातल्या हजारभर मतदारांत मतदानाला कागदोपत्री, सही करून नकार देणारा माझ्या माहितीत तो एकच माणूस होता, आणि बोटावरच्या शाईने त्याला फितूर ठरवले. आजोबांनी बोट खिशात घातले. समजावत बसले नाहीत. मीच काहीतरी पुटपुटलो.

काय वाचले गेले

निकाल लागला. ठाण्यात विजय दोन लाखांहून अधिक मतांनी झाला. मतदान ५२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे घरी राहिलेल्यांची संख्या विजयी उमेदवाराच्या मतांपेक्षा कितीतरी मोठी. एवढ्या लोकांनी मिळून काय सांगितले? मला विचाराल तर काहीच नाही. उन्हामुळे न गेलेला, नाव जुन्या पत्त्यावर असलेला, कंटाळलेला, चिडलेला, लोणावळ्यातला : सगळ्यांचा मिळून एकच रिकामा आकडा.

जूनमध्ये मी आमच्या केंद्राचा फॉर्म २०, म्हणजे केंद्रवार मतांचा तक्ता, आणि मतदार यादी शेजारी ठेवून बसलो. केंद्र एकट्या आमचे नव्हते, मागचा पाडाही त्याच यादीत. मतदान चाळिशीच्या घरात. २०१९ चे काढले, तेही चाळिशीच्या घरात. आमचा बहिष्कार कुठेच दिसत नव्हता. बहिष्कार नसतानाही आम्ही इतकेच जात होतो!

हेच पुढे एका स्थानिक कार्यकर्त्याने तोंडावर सांगितले. पावसाळ्यात झाडांच्या फांद्यांच्या कामासाठी तो आला होता. सेक्रेटरींनी ऐटीत विचारले, “आमचा बहिष्कार पोचला का वरती?” तो गोंधळला. त्याला खरंच माहीत नव्हते. मग म्हणाला, “साहेब, तुमच्याकडनं मत कधी येत नाही, तक्रार येते. आमच्या यादीत तुमच्या बिल्डिंगा नेहमीच कोऱ्या.” पोलिंग एजंट दिवसभर कोण आले कोण नाही याच्या खुणा करतो, त्या खुणांवर पुढचे गणित मांडले जाते. कोऱ्या रकान्याचा अर्थ त्यांनी वर्षांपूर्वीच लावून ठेवला होता : इथे वेळ घालवू नका.

आमच्या चार घरी स्वयंपाक करणाऱ्या ताई मागच्या पाड्यात राहतात. त्यांनी सकाळी सातलाच मत देऊन कामावर हजेरी लावली होती. त्यांना मी बहिष्काराबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “आम्ही नाही गेलो तर आमच्या गल्लीत कोण येईल? तुम्हाला टँकर परवडतो, दादा.” वाक्य साधे आहे, पण बहिष्कार कोणाला परवडतो हा मुद्दा त्याने पक्का केला. रुसायचे तर समजूत काढणारे कोणी लागते.

बहिष्कार कधीच वाचला जात नाही, असे नाही. १९ एप्रिल २०२४ रोजी पूर्व नागालँडच्या सहा जिल्ह्यांत वेगळ्या प्रशासकीय व्यवस्थेच्या मागणीसाठी सुमारे चार लाख मतदारांपैकी जवळजवळ कोणीच बाहेर पडले नाही. केंद्रे उघडी, कर्मचारी बसलेले, रांग नाही. ते साऱ्या देशाला दिसले, कारण त्यामागे संघटना होती, मागणी एक होती आणि शून्य हा आकडा आळसातून येत नाही. तरीही खासदार निवडून आलाच, कारण किमान इतके मतदान झाले पाहिजे अशी अट आपल्या कायद्यात नाही. श्रीनगरची २०१७ ची पोटनिवडणूक सात टक्के मतदानावर वैध ठरली.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९२० मध्ये काँग्रेसने कायदेमंडळांवर बहिष्कार घातला, तेव्हा त्याच्या जोडीला राष्ट्रीय शाळा, खादी, कोर्ट सोडणारे वकील असा मोठा पसारा होता. तरी जागा रिकाम्या राहिल्या नाहीत, त्यांवर दुसरे बसले. त्याच वर्षी टिळक निवडणूक लढवण्याच्या तयारीत होते, ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्या ‘प्रतियोगी सहकारिते’चा, म्हणजे सरकार जसे वागेल तसे सहकार्य करण्याच्या धोरणाचा, धागा पुढे केळकर, जयकरांनी उचलला, आणि १९२३ मध्ये स्वराज्य पक्ष कौन्सिलांत गेला. इतकी तालेवार मंडळी तीन वर्षांत ज्यावर फेरविचार करतात, ते आम्ही एका फ्लेक्सवर उरकले होते.

तेव्हा माझे मत असे. मत न देण्याचा हक्क आजोबांना होता, लोणावळावाल्यांनाही तितकाच होता. कायद्याने दोघांत फरक करू नये. पण त्याला राजकीय कृती म्हणायचे असेल, तर ती न करणाऱ्यापासून वेगळी ओळखता आली पाहिजे, आणि ओळख पटवण्याचे काम नकार देणाऱ्याचे आहे. आमच्या सोसायटीने ते दुसऱ्यांवर सोडले. पाण्याच्या मागणीचे निवेदन कोणाला दिले, असे मी सेक्रेटरींना विचारले तेव्हा कळले की फ्लेक्सशिवाय काहीच लिहिले गेले नव्हते. आजोबांनी सगळे नियमाने केले, तरी त्यांचा नकार १७-सीच्या एका रकान्यात ‘१’ होऊन राहिला. कारण लिहायला तिथे जागाच नाही. या बाबतीत माझी बाजू पूर्ण लागत नाही, हे मान्य करतो.

चार बटणे

महापालिकेची निवडणूक अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. या वेळी फ्लेक्स लागला नाही. बहुसदस्यीय प्रभागात एका मतदाराला प्रत्येक जागेसाठी, अ, ब, क, ड, वेगळे मत द्यावे लागते, आणि प्रत्येक जागेखाली नोटा असते. म्हणजे तिघांना हो आणि एकाला नाही, असे म्हणता येते. शिवाय लोकसभेत नोटाला कितीही मते पडली तरी निकालावर परिणाम होत नाही, जसे इंदूरमध्ये २०२४ ला २ लाख १८ हजारांहून अधिक पडली आणि काही बिघडले नाही. राज्य निवडणूक आयोगाने मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढून शहरी स्थानिक संस्थांसाठी नोटाला काल्पनिक उमेदवार मानले, आणि सर्वाधिक मते नोटाला मिळाली तर फेरनिवडणूक, असे ठरवले. ज्या निवडणुकीत पाण्याचा प्रश्न होता, नकाराला दातही त्याच निवडणुकीत होते. अर्थात उमेदवार बिनविरोध आला तर बटणच समोर येत नाही, जसे २०२४ मध्ये सुरतच्या मतदारांना आले नाही.

सेक्रेटरींनी या वेळी पाण्याचे पाच प्रश्न छापून प्रभागातल्या उमेदवारांना पाठवले. दोघांची उत्तरे आली, ती लिफ्टमध्ये चिकटवली. ती मुलगी सोसायटीत यादीतली नावे शोधून देत फिरत होती.

मतदानाच्या दिवशी आजोबा यंत्रापाशी बराच वेळ होते. बीप लवकर येईना. आत जाताना त्यांनी कोणाला काही नोंद करायला सांगितली नव्हती. बाहेर आल्यावर गेटवरच्या बाकावर तेच चौघे, त्यांतल्या एकाने विचारले, “काय काका, या वेळी दिलंत का चौघांनाही?”

आजोबांनी बोट पुढे केले, शाई दाखवली.

“मतदान गुप्त असतं,” म्हणाले, आणि लिफ्टकडे गेले.